एक वीत दावं

मॉसन लेक्सच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दर रविवारी दहा ते अकरा मराठी शाळा भरते. त्या शाळेच्या गुरुजींचं, म्हणजे दत्तात्रय गुरुजींचं, इंग्रजी भाषेशी कसं भांडण झालं त्याची ही गोष्ट. भांडण तसं एकतर्फीच होतं. इंग्रजीला त्याचा पत्ताही नव्हता, आणि गुरुजींना खरा राग आला होता तो याचाच.

वाई तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये छत्तीस वर्षं शिकवून गुरुजी निवृत्त झाले आणि काही वर्षांनी मुलीकडे, दीप्तीकडे, ॲडलेडला आले. आल्यावर तीन महिन्यांत त्यांनी मुलं गोळा केली. समोर मुलं नसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. अकरा मुलं जमली. त्यांत त्यांची नात ओवी धरलेली आहे, पण ती स्वखुशीने येत होती असं म्हणता येणार नाही. शिकवण्याचा त्यांचा नियम एकच: आधी वस्तू हातात, मग शब्द तोंडात. 'कांदा' शिकवायचा तर वर्गात कांदा पाहिजे. हा नियम त्यांनी या गोष्टीआधी आयुष्यात एकदाच, 'विंचू' शिकवताना मोडला होता, आणि त्याची त्यांना अजून चुटपुट आहे.

त्या रविवारी धड्यात बैल होता. बैल आणणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून गुरुजी बैलाच्या दोरांवर आले. दोरही हाताशी नव्हते, तेव्हा नियम दुसऱ्यांदा मोडून फळ्यावर लिहिलं: दावं, कासरा, चऱ्हाट, सोल.

"आजोबा, दावं मीन्स?" ओवीने विचारलं.

"जनावर गोठ्यात ज्याने बांधतात तो दोर. रोप."

"अँड कासरा?"

"गाडी हाकताना बैल ज्याने आवरतात... तोही रोपच."

"चऱ्हाट?"

गुरुजी जरा घुटमळले. "जाड रोप."

"सोल?"

"आणखी जाड रोप," गुरुजी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांचे कान तापले.

ओवी नऊ वर्षांची. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि आजारी माणसाशी बोलावं तशा समजुतीच्या सुरात म्हणाली, "आजोबा, सो इट्स ऑल जस्ट रोप. एकच वर्ड शिकू ना. मग आपण लवकर घरी जाऊ."

बाकीच्या दहा जणांनी या सूचनेचं मनापासून स्वागत केलं.

घरी येऊन गुरुजींनी आपला जुना शब्दकोश काढला आणि जेवण होईपर्यंत मिटला नाही. तर काय! इंग्रजीकडे शब्द होते. जनावर बांधायचा दोर 'टेदर', गळ्यात अडकवायचा 'हॉल्टर', जहाज बांधायचा 'हॉसर', सुतळीला 'ट्वाइन'. शब्द असून वापरत नव्हते! गुरुजींनी जावयाला हाक मारली. श्रेयसला या देशात चौदा वर्षं झालेली.

"श्रेयसराव, टेदर म्हणजे काय?"

"फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट देतात ते, बाबा. तुमचं वायफाय चालत नाहीये का?"

गुरुजींनी शब्दकोश मिटला. ज्या भाषेने दावं सोडून दिलं आणि नाव तेवढं फोनला देऊन टाकलं, तिच्याशी आता बोलायचं तरी काय?

याच आठवड्यात सेंटरचं पत्र आलं. निनाद ते घेऊन घरी आला. निनाद म्हणजे मराठी शाळेचा संयोजक. आयटीत कंत्राटावर आहे आणि कुठल्याही संकटाला 'नो वरीज, सर' म्हणतो. पत्रात लिहिलं होतं की पंधराहून कमी पट असलेल्या भाषागटांनी दुसऱ्या गटाशी जोडी जमवावी, आणि ओपन डेला दोघांनी मिळून एक फलक मांडावा. नाहीतर त्यांची वेळ काढून घेण्यात येईल. रविवारी दहाच्या वेळेसाठी झुंबा करणाऱ्या बायका दीड वर्षापासून रांगेत होत्या.

"म्हणजे शाळा बंद?" गुरुजींनी विचारलं.

"नो वरीज, सर. आपले अकरा. फक्त चार कमी आहेत. चारजणांचा एक ग्रुप आहे सेंटरमध्ये. लॅटव्हियन."

"ते कोण?"

"युरोपातला छोटा देश आहे. त्यांच्या लीडर तुमच्याच गल्लीत राहतात. मिसेस के."

मिसेस के. म्हणजे आउस्माबाई. दोन घरं सोडून राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ पट्टीसारखी ताठ. दोन वर्षं गुरुजी आणि त्या एकमेकांना फक्त मान डोलवून ओळखत होते. गुरुजींनी दार वाजवलं, आपल्या शाळकरी इंग्रजीत पत्र समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आमच्याकडे मुलं नाहीत, आणि तुमच्याकडे म्हातारं कुणी नाही."

बहात्तर वर्षांच्या गुरुजींना हे वाक्य फार आवडलं. मग त्यांनी भीत भीत विचारलं, "तुमच्या भाषेत रोपला किती शब्द आहेत?"

बाई बोटांवर मोजायला लागल्या. विर्वे म्हणजे दोर. आउक्ला, दोरी. ताउवा, जहाजाचा जाड दोर. श्न्योरे, नाडी. दिएग्स, दोरा. उडी मारायच्या दोरीला तर स्वतंत्र शब्द, लेत्समाउक्ला. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताला सुरुवात झाली, आणि गुरुजींना दोन वर्षांत पहिल्यांदा या गावात कुणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं. फलक तिथेच ठरला: लॅटव्हियन शब्द, त्याच्या जोडीचा मराठी शब्द, आणि समोर खराखुरा दोर. नुसतं चित्र चालणार नव्हतं, नियम म्हणजे नियम.

"माझ्याकडचे दोर मी डब्यात घालून पाठवते," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला चिठ्ठी बांधते."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे सेंटरची जोखीम-पत्रकं आली. चार पानं. सेंटरच्या कार्यालयातल्या जनीनबाई दिसायला गोड होत्या, पण पत्रकाच्या बाबतीत अजिबात गोड नव्हत्या. 'साहित्य: दोर. संभाव्य धोका काय?' असा प्रश्न होता. गुरुजींनी लिहिलं, 'मुले शब्द शिकतील.' पत्रक परत आलं. सोबत दोन अटी होत्या. पहिली, इंग्रजी शब्द सर्वांत आधी आणि प्रत्येक ओळीत असलाच पाहिजे. दुसरी, लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी मांडलेला कोणताही दोर तीस सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा.

पहिल्या अटीने गुरुजी दिवसभर जेवले नाहीत. (संध्याकाळी जेवले.) दुसरी मात्र त्यांना पटली. तीस सेंटिमीटर म्हणजे वितीपेक्षा चार बोटं जास्त. छत्तीस वर्षं त्यांनी वर्गाच्या साहित्यपेटीसाठी प्रत्येक वस्तूचा नमुना एक वीतच कापला होता. ऊस एक वीत, बांबू एक वीत, केबलची वायर एक वीत. सेंटरला इतकी अक्कल असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग त्यांनी कात्री घेतली.

हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी काथ्याचा दोर मागितला. विक्रेत्याने विचारलं, "किती लोड, मेट?" गुरुजींनी लोडवर विचार केला आणि म्हणाले, "अकरा मुलं." त्यानंतर दुकानाचे मॅनेजर आले, त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी कुंड्या बांधायची हिरवी सुतळी हातात देऊन गुरुजींना दारापर्यंत पोचवलं. या अपमानानंतर गुरुजींनी दुकानांचा नाद सोडला आणि घरातूनच नमुने घ्यायचं ठरवलं.

"बाबा, हॉलचा पडदा वर जात नाहीये!" दीप्ती ओरडली.

"त्याची दोरी एक वीत कमी झाली आहे. बाकीची आहे की."

श्रेयसच्या ट्रेलरची ताडपत्री फ्रीवेवर उडाली, तिचं कारणही साधारण तेच निघालं. आणि मंगळवारी ओवीने आपली उडी मारायची दोरी उचलली, तर ती तिच्या कमरेपर्यंतच आली.

"आजोबा! दॅट वॉज माइन! विचारलं पण नाही!"

"अगं, लेत्समाउक्ला आहे ती. फलकावर तुझं नाव लिहीन खाली," गुरुजी म्हणाले. "आणि दोरी तुझ्याकडेच आहे. उडी जरा बेताची मारायची इतकंच."

ओवी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. गुरुजींना वाटलं, एवढ्याशा दोरीसाठी किती हा राग! हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण ते गुरुजींना पुढे फार आठवलं.

बुधवारी आउस्माबाईंचा डबा आला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत सात-आठ गुंडाळ्या, प्रत्येकीला चिठ्ठी. बाई स्वतः येणार होत्या, पण त्यांना फ्लू झाला होता. फलक गुरुवारी तपासणीला द्यायचा होता. गुरुजींनी एकेक चिठ्ठी बघून शब्द उतरवायला घेतले. विर्वे, आउक्ला, ताउवा. शेवटी तळाशी एक लांब, करडा, मेण चोळलेला दोर निघाला. एका टोकाला फासा, दुसऱ्या टोकाला लाकडी खुंटी. गुरुजींनी तो हातात घेतला मात्र, त्यांना कुणी सांगायची गरज उरली नाही. हे दावं होतं. सातासमुद्रापलीकडचं, पण दावंच! चिठ्ठीवर दोन शब्द होते: 'नेग्रिएस्त. मातेस.'

"मातेस!" गुरुजी एकदम उभे राहिले. "दीप्ती, हे बघ. यांच्यातही गाय माताच आहे. दाव्याला काय सुंदर नाव दिलंय!"

"बाबा, फोनवर बघा ना एकदा अर्थ," दीप्ती म्हणाली. "एक मिनिट लागतं."

"दोन घरांवर जिवंत माणूस असताना मी मशीनला विचारू?"

"मग त्यांना विचारा."

"त्या आजारी आहेत. आजारी माणसाला त्रास द्यायचा नसतो."

असा दोन्ही बाजूंनी अर्थाचा बंदोबस्त झाल्यावर गुरुजींनी दावं मधोमध दुमडलं, कारण टोकांना फासा आणि खुंटी होती आणि ती बिघडवणं त्यांच्या जिवावर आलं असतं. मधून एक वीत मोजली आणि कापली. इंग्रजी रकान्यात 'टेदर', मराठीत 'दावं' आणि लॅटव्हियनमध्ये, आपल्या वळणदार अक्षरात, 'नेग्रिएस्त मातेस'.

गुरुवारी सकाळी ताप उतरल्यावर आउस्माबाई गळ्याला मफलर गुंडाळून फलक बघायला आल्या. बाई मुळाक्षरं शिकावीत तशा एकेक ओळ वाचत होत्या, मान डोलवत होत्या. शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"हे काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"दाव्याचा लॅटव्हियन शब्द. तुमच्याच चिठ्ठीवरचा," गुरुजी हौसेने म्हणाले.

"तो शब्द नाही. ती सूचना आहे." बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "'कापू नये. आईचं.'"

ओवी शाळेचा डबा भरत होती, तिचा हात थांबला.

मग बाई बोलल्या. आधी इंग्रजीत, आणि इंग्रजी पुरेना तेव्हा लॅटव्हियनमध्ये. आई चव्वेचाळीस साली लढाईतून पळाली ती गाय घेऊन. बंदरावर बोटीत गाय घेईनात. आईने गाय धक्क्यावर सोडली आणि दावं गळ्यात घालून बोटीत चढली. बाईंचा जन्म पुढे निर्वासितांच्या छावणीतला. ती गाय त्यांनी कधी पाहिली नाही, तो देशही पन्नाशीपर्यंत पाहिला नाही. पण दर वर्षी दाव्याला मेण चोळलं. ते मुलांना फक्त दाखवायला पाठवलं होतं. पुढचं बोलणं गुरुजींना शब्दाने कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. छत्तीस वर्षं तो त्यांनी स्वतः लावला होता, दुसऱ्यांच्या पोरांवर.

"आमचा गट यात नाही," बाई शेवटी म्हणाल्या, दाव्याचे दोन्ही तुकडे उचलले आणि ताठ पाठीने निघून गेल्या.

दोन महिने गुरुजी रागावले होते: इंग्रजीवर, सेंटरवर, जनीनवर, दुकानावर, झुंबावर. आणि आता जगात फक्त एकाच माणसावर रागावता येत होतं, आणि तो माणूस आरशात होता. निनादचा फोन आला. "सर, अकरालाच अडकलो आपण. शनिवारी ओपन डे. मी जनीनला बोलून बघू? नो वरी..." पण या वेळी त्यालाही तो शब्द पुरा करवला नाही.

"एवढ्याशा दोरीसाठी," गुरुजी स्वतःशीच पुटपुटले आणि मान खाली घातली.

ओवी दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "आजोबा, कॅन यू फिक्स इट? गाठ मारून?"

"गाठ नाही," गुरुजी एकदम म्हणाले. त्यांचे वडील दोर वळायचे. तुटलेल्या दोराला गाठ मारलेली त्यांना खपत नसे. पेडात पेड घालून ते दोर असा सांधत की अंधारात हात फिरवला तर कळू नये. गुरुजींनी हे लहानपणी केलं होतं. म्हणजे साठ वर्षांपूर्वी.

शुक्रवारी दुपारी आजोबा-नात आउस्माबाईंच्या व्हरांड्यात उभे राहिले. बाईंनी दार उघडलं आणि जाळीच्या आतूनच बघत राहिल्या.

"मी माफी मागायला आलो नाही," गुरुजी म्हणाले. "म्हणजे मागायला आलोच आहे, पण नुसती नाही. मला ते सांधू द्या."

"मेज्ग्ल्स नको," बाई म्हणाल्या. गाठ नको.

"नाही मारणार. माझ्या वडिलांनी घरात उभं केलं नसतं मला."

जाळी उघडायला बराच वेळ लागला. मग व्हरांड्याच्या पायरीवर काम सुरू झालं. गुरुजींनी दोन्ही टोकांचा पीळ उलगडला, तीन-तीन पेड मोकळे केले. पहिला प्रयत्न फसला, दुसराही. बाई शेजारी बसून प्रत्येक चूक दाखवत होत्या, आणि चुकांच्या बाबतीत त्यांची नजर फार तीक्ष्ण होती. "घट्ट. आणखी घट्ट. हे काय, कोबी बांधताय का?" ओवी एक टोक पायात धरून बसली होती. तिसऱ्या वेळी पेड एकमेकांत गेले आणि बसले.

"आजोबा, याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात? हे असं करतात त्याला?"

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. "पंच्याहत्तर वर्षं झाली मला इथे. कधी कुणी सांगितलं नाही."

"इट कान्ट बी जस्ट रोप," ओवी म्हणाली. ती जरा चिडली होती. पेड ओढताना गुरुजींच्या हाताला एकाएकी जोर आला.

सांधा झाला तेव्हा बाईंनी डोळे मिटून दाव्यावरून हात फिरवला. एका जागी बोटं थांबली. "कळतंय," त्या म्हणाल्या. गुरुजींचा चेहरा पडला. "थोडंसंच," बाईंनी पुढे जोडलं. "आणि ती कापलेली वीत राहू दे तुमच्या फलकावर. कापलीच आहे तर मुलांच्या हाताला तरी लागू दे."

शनिवारी फलक उभा राहिला. अकरा मुलं आणि चार लॅटव्हियन, सगळे वेळेवर. आउस्माबाई दावं घेऊनच आल्या होत्या. आता ते सगळ्यांना दिसलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. जनीनबाई टेप घेऊन आल्या. मोजलं. "ओह डिअर. हे जवळजवळ चार मीटर आहे. तीसची लिमिट आहे ना?" आणि अगदी गोड हसून म्हणाल्या, "जस्ट एक छोटासा तुकडा कापू या का?"

गुरुजी आणि आउस्माबाई एकाच वेळी बोलले, प्रत्येक जण आपापल्या भाषेत. जनीनबाईंना एक अक्षरही कळलं नाही, पण त्या दोन पावलं मागे सरकल्या. मग बाईंनी शांतपणे दावं कोटावरून कमरेला गुंडाळलं, फासा खुंटीत अडकवला आणि फलकाशेजारच्या खुर्चीत बसल्या. "हे प्रदर्शनात नाही," त्या म्हणाल्या. "हे माझ्या अंगावर आहे. कपड्यांची मापं घ्यायची असतील तर घ्या."

जनीनबाईंनी चारही पानं चाळली. कपड्यांबद्दल काहीच नव्हतं. त्यांनी सही केली. झुंबाची रांग पुढच्या वर्षात गेली.

दिवसभर लोकांची पोरं येऊन आउस्माबाईंच्या कमरेवरचा सांधा चाचपून बघत होती आणि ओवी प्रत्येकाला फलक वाचून दाखवत होती. शेवटच्या ओळीत बाईंनी आपल्या हाताने खरा शब्द लिहिला होता, 'वाल्ग्स'. खालचं 'नेग्रिएस्त मातेस' गुरुजी खोडायला निघाले होते, पण बाईंनी खोडू दिलं नाही. "वाल्ग्स, दावं," ओवी सांगत होती, "अँड दिस पार्ट सेज डोन्ट कट, इट्स मम्स."

सगळे गेल्यावर गुरुजींनी चष्मा पुसला आणि फलक एकदा जवळून तपासला. शेवटच्या ओळीत, जनीनबाईंच्या सक्तीच्या इंग्रजी रकान्यात, त्यांनी लिहिलेलं 'टेदर' कुणीतरी खोडलं होतं.

"ओवी, हे काय?"

"सगळे फोन फोन म्हणत होते, आजोबा. नोबडी न्यू. म्हणून मी बदललं."

तिथे तिच्या गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं: 'रोप. सॉरी.'

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. गेले दोन महिने ते ज्याची वाट बघत होते ते अखेर झालं होतं. इंग्रजीने माफी मागितली होती, आणि तीही लेखी.